न टेकलेली काठी

यंदाच्या शिमग्याची होळी गंगारामच्या परसवातल्या आंब्याची करायची, असं गावकीनं ठरवलं आणि त्या संध्याकाळपासून गंगाराम घरात सरळ बोलेनासा झाला. आजवर त्यानं होळीला नुसता खांदा दिला होता. झाड असायचं दुसऱ्याचं, मान असायचा दुसऱ्याचा, आणि गंगारामच्या वाट्याला यायचा तो बुंध्याकडचा जड भाग. आता मानकरी महिपत स्वतः त्याच्या मागल्या दारी येऊन आंब्याच्या मुळाशी नारळ ठेवून गेला होता. गंगारामनं धुतलेला सदरा काढला. घरात चहा मागतानाही तो देवापुढे गाऱ्हाणं घातल्यासारखा मागू लागला.

आंबा रायवळ होता. फळ आंबट आणि दोऱ्यांचं, लोणच्यापलीकडे कशाच्या उपयोगाचं नाही. पण खोड सरळ होतं, सोटासारखं वर गेलेलं, आणि शेंडा दाट. होळीला शेंडा लागतो. झाड तोडून, फांद्या साळून, फक्त वरचा झुबका राखून ते खांद्यावरून देवळापुढच्या सहाणेच्या चौथऱ्यावर न्यायचं आणि उभं करायचं. शेंडा मोडलेलं झाड देवाला चालत नाही. म्हणून ते पाडायचं तेही जपून, पेंढ्याच्या गादीवर.

आणि पेंढा घालायला जागा एकच होती. पश्चिमेला आंब्याच्या पायाशीच व्हाळ, पावसाळी ओढा, त्यात घमेल्याएवढे दगड. दक्षिणेला महिपतच्या काजू, त्यांना धक्का लावायचा विचारही कुणी तोंडातून काढला नाही. उत्तरेला विहीर. राहिलं परसू. आणि परसवाच्या पूर्वेच्या टोकाला गंगारामचं घर, आंब्याकडे पाठ करून उभं. त्या पाठीशी स्वयंपाकघर, मागलं दार आणि गाय बांधायची आडपडवी.

"घराला लागंल काय?" जागा बघायला गावकी परसवात जमली तेव्हा गंगारामनं विचारलं. विचारलं ते इतक्या हळू, की महिपतला ते ऐकू न येण्याचीही सोय व्हावी.

गंगारामची सून दमयंती मागल्या दारात तांदूळ पाखडत होती. ती लांज्याची, दहावी झालेली. नवरा मुंबईस, त्याला यंदा रजा नव्हती. सासरी आल्यापासून तिला एक नाव पडलं होतं, मॅट्रिकबाई. आमटीत मीठ जास्त पडलं की मॅट्रिकबाई, गाय दूध चोरू लागली की मॅट्रिकबाई. ती उत्तर देत नसे. ही माणसं उत्तर देण्याच्या लायकीची नाहीत, असं तिनं पहिल्या वर्षातच ठरवून टाकलं होतं आणि त्या ठरवण्यावर ती सुखानं राहत होती.

मोजायचं कसं, यावर बरीच चर्चा झाली. केरू झाडं पाडायचा, त्याचं म्हणणं, डोळ्यांनी दिसतंय, पोचत नाही. दुसरा कुणी म्हणाला, पोचतं. तेव्हा शाळेचे साळवी गुरुजी पुढे झाले. झाडावर चढायला नको, दोरी सोडायला नको, सावलीवरून उंची निघते, असं त्यांनी सांगितलं. एक काठी उभी करा. काठीची सावली मोजा, झाडाची सावली मोजा. झाडाची सावली काठीच्या सावलीच्या जितक्या पट, तितक्या पट झाड काठीपेक्षा उंच. ऊन दोघांवर एकच पडतं, म्हणून दोन्ही त्रिकोण सारखे.

हे बोलताना गुरुजींचा आवाज चांगला लागला होता. दमयंतीनं सूप थांबवलं. लग्नानंतर या परसवात तिनं ऐकलेलं हे पहिलं शहाणं वाक्य होतं.

केरूनं गुरं हाकायची काठी उचलली. महिपतनं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"देवाचं झाड," तो म्हणाला, "आणि मोजायचं शेणाच्या काठीनं?"

देवळातून निशाणाची काठी आणायला माणूस गेला. ती सहा हात लांब, चांदीच्या बोंडाची, पालखीपुढे चालणारी. ती आली, महिपतनं पागोटं सारखं केलं, डोळे मिटून पुटपुटला आणि काठी दोन्ही हातांनी धरून परसवात उभा राहिला. उभा राहिला तो काठी जमिनीपासून चांगली हातभर वर उचलून. निशाण जमिनीला टेकायचं नाही, हा नियम गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. ते टेकलं की गावावर काहीतरी येतं. काय येतं ते कुणी पाहिलेलं नव्हतं, कारण ते कधी टेकलेलंच नव्हतं.

दुपारची दोनची वेळ. सावल्या परसवात तिरक्या पडल्या होत्या. केरूनं दोरी घेतली, महिपतच्या पायाच्या अंगठ्यापाशी दाबून धरली आणि काठीच्या बोंडाची सावली जिथे पडली होती तिथवर ताणली. मग तीच दोरी घेऊन त्यानं आंब्याची सावली मोजली, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. सहा वेळा दोरी बसली, अगदी बरोबर.

"सहा सक छत्तीस," गुरुजी म्हणाले. "छत्तीस हात झाड."

आंब्यापासून मागल्या भिंतीपर्यंत अडतीस हात भरले. दोन हात मोकळे. महिपतनं काठी तशीच अधांतरी, ती आणणाऱ्या माणसाच्या हातात दिली आणि घाम पुसला. सगळ्यांना मोठं काम केल्यासारखं वाटलं.

दमयंतीला वाटलं, आता गुरुजी बोलतील. गुरुजी चष्मा पुसत होते. ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि दारातूनच म्हणाली, "गुरुजी, काठी वर धरली होती. बोंड जमिनीपासून सात हातांवर होतं. दोरीत सात हातांची सावली आली आणि हिशोब सहाचा केला."

 महिपतनं तिच्याकडे पाहिलं नाही, गंगारामकडे पाहिलं.

"गंगाराम, तुझ्याकडं पंचायत बायका चालवतात काय रं?"

लोक हसले. गंगारामही हसला, सगळ्यांपेक्षा थोडा उशिरा आणि थोडा जास्त. "आमची मॅट्रिकबाय," तो म्हणाला. "लांज्याची. तिकडं काठ्या जमिनीत रोवतात." पुन्हा हसणं झालं. मग मान न वळवता तो तिला म्हणाला, "च्या टाक गो. बारा माणसांचा."

तिनं चहा टाकला. चुलीपुढे बसून तिनं सात सक बेचाळीस केले. पुन्हा केले. बेचाळीसच आले. म्हणजे आंब्याचे वरचे चार हात या चुलीवर येणार होते, आणि फांद्यांचा पसारा वेगळा. 

दुसऱ्या दिवशी पाणंदीत तिला गुरुजी भेटले. सायकल हातात धरून चालत होते. तिनं वाट अडवली नाही, नुसती कडेला उभी राहिली, पण ते थांबले.

"तुझं बरोबर आहे," ते आपणहून म्हणाले. "काठीच्या बुडाच्या सावलीपासून मोजायला हवं होतं. महिपतच्या पायापासून मोजलं."

"मग काल का नाही बोललात?"

गुरुजींनी सायकलची घंटी उगाच एकदा दाबली. इथे मला जूनपर्यंत काढायचंय, बदलीचा अर्ज घातलाय, असं काहीसं ते म्हणाले. देवाच्या काठीबद्दल बाहेरच्या माणसानं बोलणं बरं नव्हे. शिवाय फरक तो कितीसा, हातभर.

"काठीत हातभर. झाडात सहा हात."

"केरू दोर बांधणार आहे ना. ओढून धरतील. आणि हे बघ, मी शिकवलं ते चूक नव्हतं. मोजणाऱ्यांनी चूक केली."

शिकवलेलं चूक नव्हतं, याचंच त्यांना समाधान होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. दमयंतीनं डोक्यावरचा भारा सारखा केला आणि चालू लागली. कालपर्यंत गावात एक माणूस तिच्या हिशोबी शिल्लक होता. आज तोही वजा झाला.

त्या दुपारी उन्हं कलल्यावर तिनं मुसळ बाहेर काढलं. परसवाच्या मध्ये सरळ उभं धरायचं, सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा, मग मुसळ आडवं करून सावलीवर टाकून बघायचं. सावली अजून आखूड होती. थोडं थांबून पुन्हा. सासू सोनूबाई मागल्या दारात गुडघे चोळत बसली होती. तिचे गुडघे धरले होते, उठायला चौकट लागायची.

"काय गो, ह्या काय करतंस? मुसळ उभं करून नाचवतंस, घरात काय मयत झालाय?"

"थांबा आत्या."

मुसळ आणि मुसळाची सावली एकसारखी झाली, तशी ती सरळ झाली. आता या घटकेला परसवात जे जे उभं होतं, त्याची सावली त्याच्याएवढीच होती. तिनं आंब्याकडे पाहिलं नाही, सावलीकडे पाहिलं. सावली पेंढ्यासाठी झाडून ठेवलेल्या जागेवरून आली होती, तुळशीच्या बाजूने पुढे सरकली होती, आणि भिंतीशी येऊन थांबली नव्हती. ती भिंत चढली होती. सोनूबाईच्या डोक्यावरून, कोनाड्यावरून, कौलांच्या कडेपर्यंत शेंड्याचा झुबका हलत होता.

तिनं गंगारामला हाक मारली. तो आला, नव्या दोराला पीळ घालत.

"मामा, हे बघा. मुसळाएवढी मुसळाची सावली. तशी आंब्याएवढी आंब्याची. शेंडा कुठं आहे बघा."

गंगारामनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दोराचा पीळ हातातच थांबला. तिला वाटलं, कळलं. आणि त्याला कळलं होतंच, हे तिला नंतरही कधी खोटं वाटलं नाही.

"सावली हाय ती," तो म्हणाला. "झाड नव्हं."

"मामा, घर जाईल."

"जन्मात एकदा मान आला, तोही तुला बघवत नाय." तो दोर खांद्यावर टाकून निघाला. मग वळला. "आणि ता मुसळ आत ठेव. कुणी बघंल."

झाड पाडायच्या दिवशी सकाळपासून ढोल वाजत होता. दमयंतीनं पहाटेच गाय सोडून शेजारच्या चिमाकडे नेऊन बांधली. गाय गाभण होती, तिला ढोल सोसत नाही, हे कारण चिमाला पटलं. मग तिनं स्वयंपाकघर रिकामं करायला घेतलं. तांब्याची कळशी, हंडा, पिठाचे डबे, लोणच्याची बरणी, फळीवरचा वर्षाचा मसाला. सगळं पुढल्या ओटीवर आणून मांडलं. जातं हलेना, ते राहिलं.

माणसं जमली तेव्हा ओटी भांड्यांनी भरली होती. महिपत पायरीशी थांबला. आत जायला वाट होती, तरी तो थांबला.

"गंगाराम, घर सोडून चाललास काय?"

गंगारामच्या तोंडावरचा रंग गेला. होळी न्यायला माणसं यावीत आणि घरच्यांनी भांडीकुंडी काढून बसावं, म्हणजे आमचा देवावर भरवसा नाही असं सांगणंच ते. तो ओरडला नाही. त्यानं लोकांदेखत दमयंतीच्या हातातला डबा घेतला आणि परत तिच्याच हातात दिला. "ठेव आत," तो म्हणाला. "होतं तसं."

ढोल थांबला होता. सगळे बघत होते. तिनं डबा आत नेला. मग हंडा. मग कळशी. प्रत्येक खेपेला ओटीवरून तिला त्यांच्यामधून जावं लागत होतं आणि ते पाय मागे घेत नव्हते. मसाल्याची बरणी तिनं फळीवर ठेवली, होती तिथेच, झाकण सारखं केलं. अंगातून घाम चालला होता, पण डोकं थंड होतं. चार हात, तिच्या मनात होतं. फळी मागल्या भिंतीपासून दोन हातांवर आहे. चूल अडीचवर.

सोनूबाई मात्र ऐकेना. झाड पडलं की त्याला घरच्या बाईनं ओवाळायचं असतं. तिनं ताट केलं होतं, निरांजन, हळदकुंकू, आणि ती मागल्या दाराच्या उंबऱ्यावर लुगडं आवरून बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला पुढे बसायला मिळत होतं.

"आत्या, पुढं चला."

"मी हलायची नाय."

पलीकडे कुऱ्हाडीचे घाव पडत होते. केरूनं परसवाच्या अंगाला खाच पाडली होती, आता मागून घाव घालत होता. दोराला आठ जण होते. झाडावर बारक्या कैऱ्या होत्या, प्रत्येक घावाला त्या टपाटपा गळत होत्या आणि दोरावरचे लोक हसत होते. महिपतनं गाऱ्हाणं सुरू केलं. सगळ्यांना सांभाळ, गुराढोरांना सांभाळ, लेकीसुनांना चांगली बुद्धी दे. "व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. त्यात गंगारामचा आवाज सगळ्यांत वर होता.

खोडात एक बारीक कर्र असा आवाज झाला.

दमयंतीनं ताट सासूच्या मांडीवरून उचलून बाजूला टाकलं. काखेत हात घातले आणि तिला उचललं. सोनूबाई अंगानं हलकी नव्हती. तिनं शिव्या दिल्या, सुनेच्या दंडाला नखं लावली, एक पाय चौकटीला अडकवून ठेवला. दमयंतीनं गुडघ्यानं तो पाय सोडवला आणि तिला मागे मागे ओढत चुलीवरून, जात्यावरून, माजघराच्या उंबऱ्यापलीकडे नेलं. दोघी तिथे पडल्या. सासू खाली, सून वर.

मग उजेड गेला. आवाज नंतर आला, किंवा तसं वाटलं. कौलं फुटली, वासे मोडले, मातीची भिंत वरून खाली बसली. धुरळ्यात काजळीचा आणि कैरीच्या चिकाचा वास एकदम आला. नंतर मसाल्याचा आला आणि दोघी खोकू लागल्या.

 बाहेर कुणीतरी केरूला बोल लावला, मग दोराला. धुरळा बसला तशी माणसं जवळ आली. आंबा परसवात पेंढ्यावर नेमका पडला होता, बुंध्यापासून भिंतीपर्यंत कुठे खरचटलं नव्हतं. त्याच्यापुढचे चार हात घरात होते.

गंगाराम पडलेल्या भिंतीवरून आत आला. बायको बसलेली दिसली, सून दिसली. त्यानं दोघींना पाहिलं आणि मग शेंडा पाहिला. शेंडा कण्यातून मोडून जात्याच्या खुंट्यावर लोंबत होता.

महिपतनंही तेच पाहिलं. तो आत आला नाही. मोडलेल्या भिंतीपलीकडे उभा राहून त्यानं निशाण छातीशी धरलं आणि मान हलवली.

"शेंडा गेला," तो म्हणाला. "ह्या देवाला नको झालं. घरात कुणाच्या तरी पोटात पाप होतं, म्हणून झाड वाकडं गेलं."

झाड वाकडं गेलं नव्हतं. ते दोरीनं आखावं तितकं सरळ पडलं होतं. तिथल्या प्रत्येकाला ते दिसत होतं आणि प्रत्येकानं मान डोलावली. साळवी गुरुजी मागे उभे होते, त्यांनीही डोलावली. एकानं म्हटलं, माणसं वाचली ही देवाचीच कृपा. दुसऱ्यानं म्हटलं, तसं बघितलं तर वाचलंच सगळं. मग वेळ जातोय, असं कुणीतरी सुचवलं. मुहूर्त संध्याकाळचा. वरच्या वाडीत काशीरामचा आंबा होता, थोडा बुटका, पण शेंडा बरा. महिपतनं हात वर केला आणि ढोल वाजू लागला.

"आणि ह्या झाडाचं?" गंगारामनं विचारलं.

"त्याला हात लावू नको. नारळ ठेवलेलं झाड हाय. पालखी फिरून आली की कौल लावू, देव काय म्हणतो बघू."

पालखी फिरून यायला पुरा शिमगा जाणार होता. महिपत हे सांगून वळलाही होता. कुऱ्हाडी, दोर, उरलेले पेंढ्याचे भारेसुद्धा उचलून माणसं पाणंदीला लागली. केरूची एक जुनी कुऱ्हाड बुंध्याशी राहिली, दांडा ढिला असलेली.

दमयंतीनं सासूला पुढल्या ओटीवर नेऊन बसवलं, पाणी दिलं. मग ती परसवात गेली, ती कुऱ्हाड घेऊन आली, दांडा दगडावर ठोकून घट्ट केला आणि मोडलेल्या वाशांवरून आंब्याच्या पहिल्या फांदीशी गेली.

"अगो," गंगाराम म्हणाला, "देवाचं हाय ता."

"देवाचं आहे तर देवानं उचलून न्यावं. मला स्वयंपाक करायचाय."

"महिपतनं सांगितलं नाय काय? कौल झाल्याशिवाय..."

"तुम्ही जा मामा," ती म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. नको असलेल्या माणसाला वाट दाखवावी तसा तिनं कुऱ्हाडीच्या पात्यानं पाणंदीकडे इशारा केला. "तिकडं खांदा कमी पडेल."

गंगाराम तिथेच उभा राहिला. एकदा घरात पाहिलं, एकदा पाणंदीकडे. ढोल आता वळणापाशी पोचला होता, अजून थोड्या वेळात ऐकू येईनासा झाला असता. होळीला घरचा माणूस गेला नाही तर गाव बोलणार होतं. त्यानं सदऱ्यावरची धूळ झटकली, घामानं भिजलेल्या हातानं केस बसवले आणि चालू लागला. वळणाशी पोचेपर्यंत तो जवळजवळ धावत होता.

दमयंतीनं घाव घातला. ओलं लाकूड, पातं अडकलं. तिनं पाय देऊन ते उपसलं आणि पुन्हा घाव घातला.

मागे काहीतरी घासल्याचा आवाज आला. सोनूबाई माजघरातून बसूनच सरकत आली होती, हातांवर, कौलांचे तुकडे बाजूला सारत. लुगडं मसाल्यानं लाल झालं होतं. तिनं भिंतीच्या भगदाडातून बाहेर पाहिलं.

"गेलो काय तो?"

"गेले."

सोनूबाईनं तोंडातली माती थुंकली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "ती फांदी नको, ही आधी तोड. चूल हिच्याखाली हाय." आणि तिनं त्या फांदीचा शेंडा दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढून ठेवला, सुनेला घाव नीट घालता यावा म्हणून.